गॅसची नळी अन् रेग्युलेटर: तारीख गेली की खरंच बदलायचे का?

मृण्मयी_मनीषनगर:
परवा दुपारी घरी सासूबाई एकट्याच होत्या. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी, खांद्याला पिशवी असा एक माणूस आला आणि "गॅसची सुरक्षा तपासणी आहे" म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरला. नळीवर बोट ठेवलं, "आजी, हिची तारीख गेली." मग रेग्युलेटर थोडा हलवून, "हाही गेला." दोन्हीचे मिळून सोळाशे पन्नास सांगितले. वर घड्याळासारखी तबकडी असलेलं एक यंत्र दाखवलं, ते लावलं की म्हणे गळती झाल्यावर गॅस आपोआप बंद. सासूबाई म्हणाल्या, सून आल्यावर ये. तो काही परत आला नाही.

संध्याकाळी मी ओट्याखाली वाकून पाहिलं. नळी नारिंगी आहे, आयएसआय छाप आहे, आणि तिच्यावरची मुदत खरंच संपलेली आहे. पण भेग नाही, वास नाही. रेग्युलेटर माझ्या लग्नाच्याही आधीचा, सासऱ्यांच्या कनेक्शनसोबत आलेला. अशी चांगली दिसणारी नळी बदलायची का? रेग्युलेटरला काही तारीख असते का, आणि तो कुठून घ्यायचा? आणि तो माणूस खरा असण्याची शक्यता किती? जाणकारांनी सांगा.

टवाळ_संत्रा:
सासूबाईंना पुढच्या मनपा निवडणुकीत तिकीट द्या. "सून आल्यावर ये" हे वाक्य भल्याभल्या नेत्यांना जमत नाही.

बर्डीकर:
आमच्या अपार्टमेंटमध्ये अगदी हेच झालं, फक्त शर्ट राखाडी होता. ताई, तुमचे प्रश्न उलट्या क्रमाने घेतो.

माणूस. दर ५ वर्षांनी एजन्सीकडून सक्तीची तपासणी असते हे खरं आहे. पण तो मेकॅनिक तुमचा ग्राहक क्रमांक घेऊन येतो, शुल्क ठरलेलं असतं आणि पावती एजन्सीच्या नावाची मिळते. क्रमांक माहीत नाही आणि पिशवीत विकायचा माल आहे, असं दिसलं की दार लावायचं आणि एजन्सीला फोन करायचा. ते तबकडीचं यंत्र तेल कंपन्या लावू नका म्हणतात. रेग्युलेटर आणि नळीच्या मध्ये ते बसवलं की एक जोड वाढला, म्हणजे गळायला एक जागा वाढली.

रेग्युलेटर. तो तुमचा नाहीच. अनामत घेऊन कंपनीने तो वापरायला दिलेला असतो. आपोआप बिघडला तर एजन्सी फुकट बदलून देते. आपल्या हातून फुटला किंवा हरवला तर पैसे पडतात. जाताना कनेक्शनचा कागद, ते सबस्क्रिप्शन व्हाउचर, सोबत न्या. बाजारातून विकत घ्यायची भानगडच नको.

नळी. बदला. एजन्सीत दोनशेच्या आसपास मिळते.

मृण्मयी_मनीषनगर:
दोनशे?? आणि तो नळीचेच साडेसातशे सांगत होता. सबस्क्रिप्शन व्हाउचर म्हणजे तो पिवळट कागद का? सासऱ्यांच्या ट्रंकेत शोधावा लागेल.

पारा_सेहेचाळीस:
थोडं विरुद्ध बोलतो, चप्पल हातात घेऊ नका. तारीख बिस्किटाच्या पुड्यावरही असते, म्हणून दुसऱ्या दिवशी बिस्किटाचं विष होत नाही. माझ्याकडची नळी मुदत उलटून कितीतरी पुढे गेली आहे, साबणाचं पाणी लावून बघतो, एक बुडबुडा नाही. स्टीलच्या तारेची जाळी आहे आत. नळी दर ५ वर्षांनी बदलायची ही अट म्हणजे नळ्या खपवायचा धंदा आहे, दुसरं काय?

टवाळ_संत्रा:
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये केलेत.

अणुरेणू:
पारासाहेब, बिस्किट शिळं झालं की मऊ पडतं, रबर शिळं झालं की कडक होतं. फरक तिथेच आहे.

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन. रबर लवचीक राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं मिसळलेली असतात, ती हा गॅस हळूहळू ओढून नेतो. बाहेरून उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन आपलं काम करत असतात. तारेची जाळी नळीला उंदरापासून आणि कापलं जाण्यापासून वाचवते, रबराला म्हातारपणापासून नाही. नळीच्या मधल्या भागाला सहसा काही होत नाही. टोकाला मात्र ती नोझलवर ताणून चढवलेली असते, म्हणजे तिथलं रबर चोवीस तास ताणाखाली. कडक झालं की पकड सैल होते किंवा तोंडाशी बारीक भेग जाते. आपण बघतो ती वरची नारिंगी साल, आणि बिघाड सुरू होतो आतल्या थरात. त्यामुळे "दिसायला चांगली आहे" हा पुरावा कच्चा आहे.

५ हा आकडा देवाने दिलेला नाही, हे मान्य. ४ वर्षं ११ महिने झाले तोवर ठीक आणि मग धडाम, असं होत नाही. पण घरोघरी जाऊन रबराची चाचणी कोण घेणार? म्हणून सगळ्यांसाठी एक आकडा ठरवलेला असतो.

पारा_सेहेचाळीस:
अर्धं पटलं. मग महाबळेश्वरला ५ वर्षं आणि आमच्या नागपुरातही ५ वर्षं, हे कसं? मे महिन्यात आमच्या पश्चिमेच्या बाल्कनीत चप्पल वितळते.

अणुरेणू:
मग तुम्ही ५च्याही आधी बदला. तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा निघाला की हो.

पारा_सेहेचाळीस:
हे असं होतं इंजिनियरशी वाद घातला की.

गोकुळपेठी:
बाल्कनीवरून आठवलं. आमच्या शेजारणीने सिलिंडर मागच्या बाल्कनीत ठेवलाय, कारण स्वयंपाकघर लहान. नळी खिडकीतून आत घेतलीय आणि खिडकीची काच सरकवली की ती बरोब्बर त्या नळीवर बसते. मी सांगितलं तर म्हणाली, "काकू, वर्षं झाली, काही होत नाही." यावर काय बोलणार?

पाना_पक्कड:
गोकुळपेठीबाई, त्या शेजारणीले सांगा काच काढून टाक, नाहीतर नळी.

नमस्कार सगळ्याईले. मी या लाइनीत आयुष्य काढलं, एजन्सीत मेकॅनिक होतो, आता घरी बसून राहिलो. धागा वाचला म्हणून लिहून राहिलो. अणुरेणू साहेबानं रबराचं बरोबर सांगितलं. मी हातानं केलेलं सांगतो.

सिलिंडर फुटला असं लोकं म्हणते. पण सिलिंडर आपल्या मनानं फुटत नाही. त्याले २५ किलोच्या दाबावर तपासून सोडते, आतल्या गॅसचा दाब आपल्या उन्हाळ्यातही त्याच्या बराच खाली राह्यते. गॅस बाहेर येते जोडावरून. वास आला की लोकं सिलिंडरच्या पोटाले हात लावून पाह्यते, मी सगळ्यात आधी जोड पाह्यचो.

पहिला जोड व्हॉल्वच्या आत. सील काढून टोपी उघडली की आतमधी एक काळी रबरी रिंग दिसते, तिले ओ-रिंग म्हणते. ती कधी फाटून राह्यते, कधी जाग्यावर नसतेच. मग रेग्युलेटर लावून बटण फिरवलं की सूं आवाज येते. घाबरायचं नाही. बटण बंद, रेग्युलेटर काढा, टोपी लावा, डिलिव्हरीवाल्या पोराले परत बोलवा. त्याच्या खिशात रिंगा राह्यते. खरं म्हणजे त्यानं लावून, तपासूनच जायचं आहे, तो जिना उतरायच्या आधी तुम्ही म्हणायचं, "भाऊ, चेक करून दे." लाजायचं काऊन? व्हॉल्वच्या तोंडात पाण्याचा थेंब टाकून बुडबुडे आले तर आतली पिन लीक आहे, मग सिलिंडरच बदलून घ्या. आन् रिंग सुईनं, टाचणीनं घरी काढत बसू नका.

दुसरा जोड, रेग्युलेटरच्या नोझलवर नळी. तिसरा, शेगडीच्या नोझलवर नळी. या दोन जागी नळी पार शेवटपर्यंत घुसली पाह्यजे. अर्धी चढवलेली नळी मी इतक्या घरी पाह्यली की विचारू नका. घुसत नसंल तर टोक कोमट पाण्यात धरा, थोडं साबणाचं पाणी लावा. मेणबत्तीवर शेकून फुगवणारे हुशार लोकंही भेटले मले. तेल तर बिलकुल लावू नका.

चौथी जागा कोणाले माहीत नसते. रेग्युलेटरच्या अंगावर एक बारीक छिद्र राह्यते. आत रबरी पडदा आहे, तो वरखाली व्हावा म्हणून ते छिद्र हवेसाठी ठेवलं आहे. पडदा फाटला की गॅस तिथून येते. मानेवाड्याकडे एका घरी त्या छिद्रात एमसील भरलं होतं. म्हणे, "काका, लीक होतं, आम्ही बंद केलं." अरे बाप्पा! पडद्याचं काम बंद झालं म्हणजे रेग्युलेटर काय नियंत्रण करंल? सिलिंडरचा मोठा दाब सरळ शेगडीवर. छिद्रातून वास येत असंल तर रेग्युलेटर बदला, दुसरं औषध नाही.

चहाबाज:
पाना_पक्कड काका, हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावतो. छिद्राचं खरंच माहीत नव्हतं.

सावजी_शौकीन:
काका, नळीवर क्लिप लावायची की नाही? माझ्या हॉटेलवाल्या मित्राने दोन्हीकडे स्क्रूची क्लिप आवळलीय, हत्तीही ओढू शकणार नाही म्हणतो.

पाना_पक्कड:
हत्ती कशाले गॅसची नळी ओढंल जी. हॉटेलची १९ किलोवाली लाइन वेगळी, तिच्यात मी पडत नाही. घरच्या नारिंगी नळीचं माझं मत असं की नळी नवीन आहे आन् पुरी घुसली आहे तर क्लिप लागत नाही. पेचकसानं आवळून आवळून लोकं क्लिप रबरात घुसवते, तिथंच चीर पडते, आन् क्लिपखाली असल्यानं दिसत नाही. नळी सैल वाटते म्हणून क्लिप लावून राहिले असाल, तर नळी म्हातारी झाली. ती बदला.

नंदनवन_निवासी:
क्लिपबाबत काकांशी थोडा असहमत. आमच्याकडे एकदा मोलकरणीने सिलिंडर सरकवताना नळी ओढली गेली आणि शेगडीकडून सुटली. क्लिप असती तर सुटली नसती. तुमच्यासारख्याने हलकी बसवली तर काय बिघडतं?

पाना_पक्कड:
माझ्यासारख्यानं बसवली तर काही नाही बिघडत. पण घरोघरी मी कुठं आहे? ओढली गेली म्हणजे नळी कमी पडून राहिली असंल, नाहीतर नोझल झिजलं. दीड मीटरची नळी घ्या, थोडा झोल राहू द्या.

बे_एके_बे:
त्रिमूर्तीनगरात रूमवर राहतो, आम्ही चार पोट्टे. मालकाने दिलेली शेगडी, तिला हिरवी रबराची नळी. नारिंगी नाहीच. तिच्यावर कापडी चिंधी गुंडाळली आहे, का ते कोणालाच माहीत नाही. चालतंय म्हणून चालवून राहिलो. हा धागा वाचून आता झोप नाही येऊन राहिली बे.

गोकुळपेठी:
बाळा, चिंधी आधी काढ. खाली काय झाकलंय ते बघ.

बर्डीकर:
+१. नळीवर कापड, प्लॅस्टिकचं वेष्टन, फुलाफुलांचं कव्हर काहीही नको, कारण मग भेग दिसत नाही. साधी हिरवी नळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो, जाळीची नळी आली ती यासाठीही. आणि एक विचारतो, कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?

बे_एके_बे:
कनेक्शन? टंकी कोपऱ्यावरचा भाऊ आणून देतो. नावबिव काही नाही.

बर्डीकर:
मग हे वाचा. तेल कंपन्यांनी गॅस अपघातासाठी विमा काढलेला असतो. नोंदणी झालेल्या ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत, घराच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत. पण तो नोंदणीकृत पत्त्यावर, आणि दाव्याच्या वेळी नळी, शेगडी आयएसआय होती का, तपासणी झाली होती का हे बघतात. कोपऱ्यावरच्या भाऊच्या टंकीला यातलं काहीच नाही. चौघांत मिळून ५ किलोचा छोटा सिलिंडर रीतसर घ्या. ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत.

पुण्यातला_नागपूरकर:
विम्याची रक्कम वाचून बायको माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघते आहे.

टवाळ_संत्रा:
नळीची तारीख बघून घ्या. लगेच.

प्लॅन_एलिव्हेशन:
मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते, त्यामुळे एक वेगळीच बाजू सांगते. आजकाल प्रत्येकाला मॉड्युलर किचन आणि ओट्यात बसवलेली काचेची शेगडी हवी असते. सिलिंडर खालच्या कपाटात, नळी त्याच्या मागे, आणि दार इतकं घट्ट की झुरळही आत जाऊ नये. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की वर जात नाही, कपाटाच्या तळाशी पाण्यासारखा साचतो. हवेत साधारण २ टक्क्यांच्या जवळपास गेला तरी ठिणगी पुरते. म्हणून मी सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला खाली जाळी ठेवते. ग्राहक म्हणतात, "मॅडम, जाळीमुळे लूक जातो." मी म्हणते, मग सिलिंडर उघड्यावर ठेवा. त्यावरही तोंड वाकडं.

आणि ओट्यात बसवलेल्या शेगडीचा नळी जोडायचा तोंडाचा भाग ओट्याच्या खाली जातो. तिथली नळी बसवल्यापासून कोणीही पाहिलेली नसते. मुदत तर दूरच, रंगही सांगता येत नाही लोकांना. मोबाइलचा टॉर्च घेऊन डोकं आत घालून बघा.

पारा_सेहेचाळीस:
डोकं आत घातलं. कमरेत उसण भरली. नळी मात्र बर्नरच्या पेटीला टेकलेली निघाली, तिथे साल काळपट झालीय. उद्या बदलतोय. कोणी काही बोलू नका.

अणुरेणू:
काही बोलत नाही. :)

गोकुळपेठी:
आता आपल्या गावच्या खास धोक्याबद्दल सांगते, कारण पुण्या-मुंबईच्या सूचनापत्रकात हा नसतो. कूलर! उन्हाळ्यात आमच्या हॉलच्या खिडकीतला कूलर सुरू झाला की वारा सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतो. दूध मंद आचेवर ठेवलं, वाऱ्याने ज्योत विझली, आणि बटण चालूच. सगळे जोड नवे, नळी नवी, तरी गॅस येतोच आहे. त्यातून वाळ्याच्या वासात गॅसचा वास पटकन कळत नाही. माझ्या नणंदेकडे असंच झालं होतं, नशीब की कामवाली वेळेवर आली. तेव्हापासून आमच्याकडे नियम: मंद आचेवर काही असेल तर स्वयंपाकघराचं दार लोटायचं किंवा समोर उभं राहायचं.

चहाबाज:
काकू, हे शंभर टक्के. सिमवरची ज्योत पंख्यानेही जाते. काही शेगड्यांत ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होण्याची सोय असते, त्या घ्याव्यात.

सावजी_शौकीन:
आमच्याकडे मंद आच हा प्रकारच नाही. रस्सा काय मंद आचेवर होतो का? तर्री वर यायला जाळ पाहिजे.

टवाळ_संत्रा:
यांच्या घरी गॅस गळला तरी रश्श्याच्या ठसक्यात कळणार नाही.

अणुरेणू:
कळावा म्हणूनच त्यात वास घालतात, सावजीभाऊ. एलपीजीला स्वतःचा वास जवळपास नसतो. इथिल मरकॅप्टन नावाचं गंधकयुक्त रसायन मिसळतात, अगदी थोडंसं पुरतं. पण सर्दी झालेल्या किंवा म्हाताऱ्या माणसाला तोही येईलच असं नाही.

नंदनवन_निवासी:
व्हॉट्सॲपवर एक फिरत असतं की सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि वर्ष लिहिलेलं असतं आणि ती तारीख उलटली की सिलिंडर बॉम्ब. आमच्या सोसायटीच्या गटात त्यावरून दोनशे मेसेज झाले. खरं काय?

बर्डीकर:
अक्षर म्हणजे तिमाही. ए जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती तारीख पुढच्या चाचणीची. सिलिंडर त्या दिवशी मरत नाही, भरण्याआधी त्याची पुन्हा दाबचाचणी व्हायला हवी एवढाच अर्थ. चाचणीची तारीख उलटलेला सिलिंडर घरी आला तर घेऊ नका, परत पाठवा. बॉम्बबिंब काही नाही.

आणि गंमत सांगतो. देशभरातल्या गॅस सिलिंडरांचे नियम जे खातं राबवतं, ज्याला पेसो म्हणतात, पूर्वीचं स्फोटक विभाग, त्याचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे. २०१६ची गॅस सिलिंडर नियमावली तेच बघतं. आणि आपण इथे बसून चिंधी गुंडाळलेल्या नळ्यांची चर्चा करतोय.

टवाळ_संत्रा:
म्हणजे झिरो माइल आपलं, संत्री आपली आणि सिलिंडरही आपलेच. वेगळा विदर्भ झाला तर बाकीच्या महाराष्ट्राने चुली पेटवाव्यात.

पुण्यातला_नागपूरकर:
मालक, त्यावर वेगळा धागा काढा. इथे आग लागेल.

मृण्मयी_मनीषनगर:
सगळ्यांचे आभार. थोडं अपडेट देते.

एजन्सीला फोन केला. त्यांनी त्या दिवशी कोणालाही पाठवलं नव्हतं. बर्डीकर म्हणाले तसं ग्राहक क्रमांक विचारून त्यांनी खरा मेकॅनिक पाठवला. त्याने आधी साबणाच्या पाण्याने जोड तपासले. नळीचं रेग्युलेटरकडचं टोक काढून दाखवलं, तोंडाशी आतून बारीक भेगा होत्या, बाहेरून काही दिसत नव्हतं. अणुरेणूंना सलाम. रेग्युलेटर मात्र उत्तम निघाला! छिद्राजवळ पाणी लावून पाहिलं, बुडबुडा नाही, बटण नीट फिरतं. म्हणाला, चांगला असेल तर नुसता जुना आहे म्हणून बदलायची गरज नाही. म्हणजे तो निळा शर्टवाला नळीबद्दल खरं बोलला आणि रेग्युलेटरबद्दल खोटं. नवी नळी त्याच्याकडूनच बसवून घेतली, पावती मिळाली. व्हाउचर ट्रंकेत सापडलं, सोबत सासऱ्यांची मॅट्रिकची गुणपत्रिकाही. त्यावरून घरात दोन दिवस हशा चालू आहे.

एक राहिलं. आई काडी पेटवून गळती बघायच्या. ते बंद करायला सांगितलं तर म्हणतात, चाळीस वर्षं असंच बघतेय. कसं समजवायचं?

पाना_पक्कड:
त्याइले हातात भांडं घासायच्या साबणाचा फेस द्या आन् म्हणा, बुडबुडा मोठा झाला की लीक. बुडबुड्याची गंमत लागली की काडी विसरते. माझी आई तशीच विसरली.

गोकुळपेठी:
आणि सगळ्यांसाठी, वास आलाच तर काय करायचं ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, दिवा-पंख्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते. चालू कूलरलाही हात लावायचा नाही. देवघरातला दिवा विझवायचा. बाहेर जाऊन १९०६ला फोन, हा गॅस गळतीसाठीचा क्रमांक रात्रीही चालतो. एजन्सी रात्री फोन उचलेलच असं नाही.

बे_एके_बे:
अपडेट माझाही. चिंधी काढली. खाली नळीला चिकटपट्टी होती. चिकटपट्टीखाली चीर. मालकाला फोटो पाठवला, तर म्हणतो "पुढच्या महिन्यात बघू." आम्ही टंकी बंद करून बाहेर ठेवली. सध्या सकाळी तर्री पोहे, रात्री खानावळ. रविवारी ५ किलोवाला आणतो.

सावजी_शौकीन:
कोणाकडे सकाळी तर्री पोहे खाऊन राहिला ते सांग आधी.

चहाबाज:
जाता जाता एक शंका. घरी पूजा आहे, एका सिलिंडरवर दोन शेगड्या चालवायच्या आहेत. बाजारात तीन तोंडी पितळी जोड मिळतो, तो लावून दुसरी नळी काढली तर?

पाना_पक्कड:
नका लावू. एका जोडाचे तीन जोड करून राहिले तुम्ही, आन् घरच्या रेग्युलेटरमधून दोन मोठ्या शेगड्याले पुरेल इतका गॅसही येत नाही, दोन्हीची ज्योत कमी होते. दुसरी शेगडी पाह्यजे तर ज्याच्याकडे दुसरं कनेक्शन आहे त्याचा सिलिंडर, रेग्युलेटर, शेगडी असा सगळा संच आणा, आन् दोन्ही शेगड्या ओट्यावर ठेवा, सिलिंडर खाली. पूजा कोणती आहे?

चहाबाज:
सत्यनारायण. सगळ्यांना आमंत्रण. पारासाहेबांनी कमरेला पट्टा बांधून यावं.